डेलमरला कुणी उठवलं

ब्रायर रिज विद्यापीठात ऑनर्सच्या निवडीसाठी सेलाला मी घेऊन गेले, ते केवळ माझ्या भावाला त्या शनिवारी एक अंत्यविधी आला म्हणून. डेलमर आमच्या हार्लन फोर्कच्या लहानशा मंडळीचा पाळक. रविवारी उपदेश करतो, उरलेला आठवडा प्रोपेन गॅसचा टँकर चालवतो. अंत्यविधी म्हटला की त्याची बायको नडीन पियानोवर. मग राहिलं कोण? मी. माझं केस कापायचं दुकान आहे आणि शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. तरी दाराला ‘आज बंद’ची पाटी लावली आणि भाचीला गाडीत घातलं.

“वेळेवर परत या,” डेलमर अंगणातून म्हणाला. “आणि लरीन, तिथे कुणाशी वाद घालू नकोस.”

“मी कशाला वाद घालू? प्रवेश मला घ्यायचाय का?”

“तुझं तोंड मला माहीत आहे.”

त्याला ते ऑनर्स प्रकरण पसंत नव्हतं. विद्यापीठाबद्दल तक्रार नव्हती. ब्रायर रिज आपल्याच लोकांचं, ख्रिस्ती, रोज सकाळी प्रार्थना सक्तीची. तरुणपणी त्याला स्वतःला तिथे जायचं होतं, जमलं नाही. पण ऑनर्सवाल्यांचं वेगळं. निवडक मुलं घेतात, गोल टेबलाभोवती बसवतात, जुन्या विचारवंतांची पुस्तकं वाचायला देतात, आणि प्राध्यापक शिकवत काही नाहीत, नुसते विचारत बसतात. आमच्या मंडळीतला स्टकींचा मुलगा तिथे गेला होता. नाताळात घरी आला तो रविवारच्या बायबलवर्गात प्रश्न विचारायला हात वर करूनच. तेव्हापासून डेलमर म्हणायचा, “साधी पदवी घे ना. परिचारिका हो, शिक्षिका हो. टेबलाभोवती बसून काय मिळणार?”

सेलाला मात्र तेच हवं होतं. ती बोलणारी मुलगी. आठव्या वर्षापासून ती मंडळ्यांमधून साक्ष देत आलेली, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते लोकांपुढे उभं राहून सांगत. उन्हाळी शिबिरं, शेजारच्या जिल्ह्यांतल्या उपासना, कुठेही बोलावलं की डेलमर तिला घेऊन जायचा. ती उभी राहिली की बायका पर्समधून रुमाल काढायला लागायच्या.

साक्ष वादळाची होती. हार्लन फोर्कवर टॉर्नेडो आला तेव्हा सेला सहा वर्षांची. त्यात डेलमरचं घर गेलं, रस्त्यापलीकडचं माझं घर गेलं, आणि माझा नवरा वेंडेल गेला. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे केस सेट करत होते, म्हणून वाचले.

रस्ता तीन तासांचा. सेला वाटभर पुटपुटत होती.

“काय घोकतेयस?”

“काही नाही. त्यांनी विचारलं, तुला ऑनर्स का हवं, तर काय सांगायचं ते.”

“काय सांगणार?”

“की मला विचार करायला आवडतं.”

“आवडतं का?”

“आत्या!” ती हसली. मग जरा वेळाने म्हणाली, “मला वाटतं आवडेल. अजून कुणी करायला सांगितलेला नाही.”

तिथे गेल्यावर कळलं की मुलाखत अशी नव्हतीच. उमेदवारांना सहा-सहांच्या गटांत टेबलाशी बसवलं. आम्हाला, म्हणजे आईबापांना आणि माझ्यासारख्या बदलीवर आलेल्यांना, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसायची परवानगी होती. अट एकच. काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. मला डेलमरची आठवण झाली.

टेबलाच्या टोकाला डॉ. मिरियम टॅलबट बसल्या. पन्नाशीच्या, शांत, केस स्वतःच कापलेले असावेत, कारण मागची रेघ वाकडी होती. त्यांनी फळ्यावर एक ओळ लिहिली: एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे, असं आपण कधी म्हणू शकतो?

“प्रत्येकाने एक अशी गोष्ट सांगा जी तुम्हाला अगदी नक्की माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मग आपण ती जरा हलवून बघू.”

एका मुलीने गणितातलं काहीतरी सांगितलं. एकाने सांगितलं की त्याची आई त्याच्यावर प्रेम करते, आणि भिंतीलगतच्या त्याच्या आईने लगेच मान डोलावली. टल्साहून आलेला एमेट नावाचा उंच मुलगा होता. तो म्हणाला, “माझे आजोबा डॉमिनोजच्या खेळात लबाडी करतात. हे मला नक्की माहीत आहे. सोंगट्या त्यांच्या बाहीत सापडल्या आहेत.” सगळे हसले. मलाही तो आवडला.

मग सेलाची पाळी. ती उभी राहिली. बाकी कुणी उभं राहिलं नव्हतं, पण तिला बसून साक्ष द्यायची सवयच नव्हती.

“मी सहा वर्षांची होते,” तिने नेहमीच्या सुरात सुरुवात केली. “मे महिन्यातला रविवार, दुपारची वेळ. डॅडी कोचावर झोपले होते. वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला नव्हता. आमच्या भागातला भोंगा बिघडलेला होता. तेव्हा देवाने डॅडींना उठवलं. त्यांनी मला काखोटीला मारलं, आईचा हात धरला आणि आम्ही तळघरात उतरलो. दार लावतोय तोच वरचं घर उडून गेलं. रस्त्यापलीकडे राहणारे माझे वेंडेल काका त्या दिवशी प्रभूकडे गेले. आम्ही तिघं वाचलो. देव त्याच्या लेकरांना हाक मारतो, हे मला नक्की माहीत आहे.”

ती बसली. एका आईने डोळे टिपले. डॉ. टॅलबट मात्र तशाच बघत राहिल्या.

“धन्यवाद, सेला. देवाने उठवलं म्हणजे कसं? आवाज आला?”

“नाही... म्हणजे, ते उठले.”

“आपोआप?”

“देवामुळे.”

एमेटने हात वर केला. “माझे आजोबाही दुपारी उठतात. दर तासाला. त्याचं श्रेय आजी देवाला देत नाही, मूत्राशयाला देते.”

हशा झाला. सेलाचे कान लाल झाले. “त्यानंतर तुझ्या आजोबांचं छप्पर उडतं का?”

“नाही,” एमेट म्हणाला. “बरं, ते सोड. आता थट्टा नाही, खरंच विचारतो. देव एका घरातल्या माणसाला उठवतो, तर रस्ता ओलांडून तुझ्या काकांना का उठवत नाही?”

हा प्रश्न तिला नवा नव्हता. उत्तर तयार होतं. “देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत. पण त्याच्या हातून चूक होत नाही.”

“हे तुला माहीत आहे,” डॉ. टॅलबट म्हणाल्या, “की तू हे ऐकलेलं आहेस?”

बाई वाट बघत बसल्या. घाई त्यांच्या स्वभावात नसावी.

मग त्यांनी अगदी साधं विचारलं. “तुझे काका झोपले होते का?”

सेलाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि मी पर्सचा पट्टा घट्ट धरून बसले होते. एरवी कुणी मला गप्प बस म्हटलं तर मी बसत नाही. त्या दिवशी बसले. अट होती म्हणून नाही. ते उत्तर त्या खोलीत अनोळखी माणसांपुढे टाकायचं माझ्याने होईना.

“मला माहीत नाही,” सेला म्हणाली.

“कुणाला माहीत असेल?”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं देव जाणे, पण ती परत टेबलाकडे वळली तेव्हा तिचा साक्ष देण्याचा आवाज गेला होता. घरात बोलते तो आवाज आला.

“ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगते आहे,” ती म्हणाली, “आणि काकांचं काय झालं हे मी एकदाही कुणाला विचारलेलं नाही. त्यामुळे मला ही गोष्ट माहीत आहे असं मी म्हणू शकत नाही. मी माझं उत्तर मागे घेते.”

एमेट खुर्चीत सरळ बसला. डॉ. टॅलबट म्हणाल्या, “ठीक आहे. पुढे जाऊ.” आणि खरंच पुढच्या मुलाकडे वळल्या.

परतताना अर्ध्या वाटेवर मी एका हॉटेलपाशी गाडी थांबवली. पोर सकाळपासून उपाशी होती. ग्रेव्ही घातलेलं बिस्किट आलं, म्हणजे आमच्याकडचा मऊ गरम पाव. तिने काट्याने नुसतं कुस्करलं.

“ते झोपले नव्हते ना?” तिने विचारलं.

“नाही. ओसरीवर उभा होता. आभाळ बघत. इकडचे सगळे पुरुष बघतात तसा, बायका आत या म्हणून ओरडत असताना.”

“तू होतीस?”

“मी कुठे होते? मी कामावर. हे तुझ्या बापाने मला सांगितलंय.”

मग मी सांगितलं. आमच्या घराला तळघर नव्हतं. वादळ आलं की रस्ता ओलांडून डेलमरकडे जायचं, हे ठरलेलं. वेंडेलला धान्याच्या कोठारापलीकडे वादळ खाली उतरताना दिसलं. भोंगा वाजत नव्हता. रविवारी जेवल्यावर डेलमर मेल्यासारखा झोपतो हे साऱ्या गावाला ठाऊक. तेव्हा वेंडेल आधी आत गेला आणि त्याने फोन लावला. म्हणाला, “ऊठ रे ऐदी, पोरीला घे आणि खाली हो. मी आलोच.” मग तो निघाला. तो आम्हाला रस्त्याच्या कडेच्या चरात सापडला. डेलमरच्या दाराच्या बाजूच्या चरात. म्हणजे बहुतेक रस्ता ओलांडून झाला होता.

वाढणारी बाई कॉफी ओतून गेली.

“मग डॅडी फोनचं का सांगत नाहीत?”

“सांगायचा. वेंडेलच्या अंत्यविधीत त्यानेच सांगितलं, सगळ्यांसमोर, रडत रडत. ‘ऊठ रे ऐदी’सकट. पहिल्या वर्षी साक्षीतही असायचं. मग ‘देवाने वेंडेलला फोन करायला लावला’ असं झालं. मग ‘देवाने फोन वाजवला’. मग फोनही गेला.”

“लपवलं त्यांनी?”

“डेलमर? त्याला वाढदिवसाची भेट लपवता येत नाही. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की माणूस नकळत टोकं कापत जातो. समोरचे ज्या ठिकाणी रडतात तेवढं राहतं.”

“आणि तू कधी बोलली नाहीस.”

“मी रविवारी उपासनेला यायचं बंद केलं. मला वाटलं, त्याला कळेल. त्याला वाटलं, मला दुकानाचं काम वाढलंय.”

ती उठली, टेबलाच्या माझ्या बाजूला येऊन बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी म्हटलं, “बिस्किट खा, थंड होतंय.” तिने खाल्लं.

दुसऱ्या दिवशीची हकिगत मला नडीनने सांगितली. रविवारचं जेवण, भाजलेलं मांस, बटाटे, सगळं टेबलावर. डेलमरने विचारलं, कसं झालं? आणि सेलाने सरळ विचारलं, “डॅडी, तुम्हाला त्या दिवशी कुणी उठवलं?”

“देवाने.”

“फोन वाजला होता का?”

डेलमरने काटा खाली ठेवला. “हे तुला कुणी सांगितलं? लरीनने?”

“हो. पण विचारलं मी.”

“फोन वाजला असेल तर तोही देवानेच वाजवला.”

“असेल. मग फोन वाजला असं सांगू या ना. काकांनी केला असं सांगू या.”

“एक दिवस!” डेलमर नडीनकडे वळून म्हणाला. “एक दिवस त्या टेबलाशी बसली आणि त्यांनी हिची साक्ष काढून घेतली. मी म्हणत होतो की नाही?”

“अर्धीच होती ती, डॅडी,” सेला म्हणाली.

तो जेवणावरून उठून गेला. नडीन म्हणाली, “लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस बटाटे टाकून कधी उठला नव्हता.” मी तिला विचारलं, “तुला आठवतो का गं फोन?” ती म्हणाली, “आठवतो. मी मागच्या अंगणात कपडे काढत होते, खिडकीतून ऐकला. मला वाटायचं, त्याला आठवतोय पण बोलवत नाही. मग मी विषय काढला नाही.” आमच्या घरात सगळे असेच एकमेकांना जपत आले.

पंधरवड्याने डॉ. टॅलबटचा फोन आला. सेलाला घेतलं होतं. तिने डेलमरला सांगितलं आणि हेही सांगितलं की ती जाणार. तुम्ही हो म्हणालात तर आनंदाने जाईन, नाही म्हणालात तर रडत जाईन, पण जाईन. डेलमर म्हणाला, विचार करतो.

त्यानंतरच्या मंगळवारी तो माझ्या दुकानात आला. केस नेहमी मीच कापते त्याचे, लहान असल्यापासून. खुर्चीत बसला, मी कापड बांधलं. गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. आरशात एकमेकांकडे न बघता आम्ही बराच वेळ हवामानावर बोललो.

मग तो म्हणाला, “लरीन, मला तो फोन आठवत नाही.”

मी कात्री थांबवली नाही.

“खोटं नाही बोलत. मी रोज रात्री पडल्या पडल्या आठवून बघतोय. मी कोचावर होतो आणि मग तळघरात होतो. मधलं काहीच नाही. पूर्वी होतं का, तेही आठवत नाही.”

“होतं.”

“तू म्हणतेस म्हणून?”

“तू म्हणाला होतास म्हणून. शवपेटीजवळ उभा होतास. निळा टाय होता, कुणाचा तरी मागून आणलेला, कारण तुझे सगळे उडून गेले होते. तू म्हणालास, वेंडेल म्हणाला, ऊठ रे ऐदी.”

त्याचा चेहरा बदलला. आठवलं म्हणून नव्हे. शब्द ओळखीचा वाटला असावा. वेंडेल त्याला ऐदीच म्हणायचा, लग्नाआधीपासून.

“पुढे काय म्हणाला?”

“पोरीला घे आणि खाली हो. मी आलोच.”

डेलमरने डोळे मिटले. मी मानेवरचे केस झटकले, मग पुन्हा झटकले, झटकायला काही नसताना.

“मी दार लावून घेतलं,” तो म्हणाला. “हे मला आठवतं. दार लावताना मला वाटलं होतं की थांबावं. का थांबावं ते कळत नव्हतं. एवढी वर्षं मला वाटायचं, ती भीती होती.”

“थांबला असतास तर चौघांना पुरलं असतं मी.”

“तू मला हे कधी म्हणाली नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस.”

तो रडला. पाळक असला तरी त्याला रडायचं कळत नाही, नाक फेंदारून घोड्यासारखा आवाज करतो. मी त्याला टॉवेल दिला. मी रडले नाही. माझं त्या हॉटेलात, सेला बिस्किट खात असताना, थोडंसं झालं होतं. पण हेही सांगते, त्या दिवशी त्याची मान वस्तऱ्याने साफ करताना माझा हात कित्येक वर्षांत आला नव्हता इतका हलका आला.

दारात तो थांबला. “ते लोक तिला असलेच प्रश्न विचारणार. चार वर्षं.”

“बहुतेक.”

“ती विश्वास गमावून बसली तर?”

“बसेल किंवा नाही बसणार. मला काय माहीत?” मी म्हटलं. “पण गेले दोन आठवडे ती कशी आहे? प्रार्थना सोडली का?”

“नाही. वेंडेलसाठी देवाचे उपकार मानते. रोज, जेवणाच्या आधी. मोठ्याने.” तो जरा चिडूनच म्हणाला. “जेवण थंड होतं.”

व्यासपीठावरून त्याने ती गोष्ट दुरुस्त करून सांगावी असं मला वाटत होतं. त्याने तसं केलं नाही. तो ती गोष्ट सांगायचाच थांबला. मला ते पुरेसं वाटलं नाही आणि मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, “अजून जमत नाही, लरीन.” मी जास्त ताणलं नाही. रविवारी मी अजूनही जात नाही, पण आता दुकानाचं कारण सांगत नाही.

ऑगस्टमध्ये त्यानेच तिला पोचवलं. टँकरच्या मालकाकडून छोटा ट्रक मागून आणला, त्यात खाट, दिवा, एक लहान फ्रिज, आणि नडीनने शिवलेली गोधडी. ऑनर्सच्या वसतिगृहाला लिफ्ट नव्हती. फ्रिज त्याने एकट्याने वर नेला आणि त्यावरून पुढे महिनाभर पाठ दुखते म्हणून सगळ्यांना ऐकवलं.

पहिली सहामाही सेलाला जड गेली. तिच्या पहिल्या निबंधावर डॉ. टॅलबटनी लिहिलं होतं, छान बोलतेस, आता सावकाश लिही. ती फोनवर मला म्हणाली, “आत्या, इथे प्रत्येक जण आपापल्या शाळेतला हुशार आहे. मी टेबलाशी तासभर गप्प बसते.”

“तू?”

“हो. आणि एमेट अजिबात बसत नाही. त्याला कुणीतरी सांगायला हवं.”

“मग सांग ना.”

“सांगितलं. म्हणतो, तू जास्त बोललीस तर मी कमी बोलेन.”

मग ती बोलायला लागली. मध्येच फोन करून वेंडेलबद्दल विचारायची. तो गायचा का? देवाला मानायचा का? मी म्हटलं, गायचा, बेसूर. मानायचा, पण उपदेश लांबला की घड्याळ कानाला लावून बघायचा, चालू आहे ना म्हणून. ती इतकी हसली की तिच्या खोलीतल्या मुलीने काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती घरी आली ती एमेटला घेऊन. त्याचे आईबाप कुठल्यातरी बोटीच्या सहलीवर गेले होते. डेलमरने त्याच्याशी हात मिळवला आणि लगेच विचारलं, “मूत्राशयवाला तूच ना?”

एमेट पांढराफटक पडला. “हो, सर. माफ करा, सर.”

“माफी कसली मागतोस? बस. टर्की काप. कापता येते का?”

“नाही, सर.”

“मग ऑनर्समध्ये शिकवतात तरी काय?”

टर्की मी कापली. जेवण झालं, पंपकिन पाय म्हणजे भोपळ्याचं सारण भरलेला गोड पदार्थ आला, आणि त्या दोघांची जुंपली. पाळीव कुत्री स्वर्गात जातात का, यावर. एमेट म्हणाला, जातात असं मानायला काही आधार नाही. डेलमर म्हणाला, नाही असं मानायला तरी कुठे आहे? एमेट म्हणाला, मग तुम्हाला हे माहीत नाही, तुमची ही आशा आहे. डेलमर जरा थांबला. “बरं, आशा,” तो म्हणाला. “आता तू मला सांग, आशेला तुझी हरकत काय?”

नडीनने दुसऱ्यांदा कॉफी केली. सेला दोघांच्या मध्ये बसून कधी याची बाजू घेत होती, कधी त्याची, आणि डेलमर बाह्या वर सारून पुढे झुकला होता. त्याच्या बशीतला पंपकिन पाय तसाच पडला होता. मी त्याची बशी माझ्याकडे ओढली आणि खायला लागले. त्याला पत्ताही नव्हता.